माप अंगाचे की वहीतले?

दिवाळीची पहिली आंघोळ उरकून ओटीवर आले की नाशिकला पूर्वी अंगावर काटा येई. हल्ली तसा येतोच असे नाही. पावसाळाच लांबत लांबत दिवाळीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन टेकतो. पण फराळ संपला, डबे घासून फडताळात गेले, की आमच्या घरी सुयांची पिशवी निघायचीच. संक्रांतीच्या आत स्वेटर अंगावर चढला पाहिजे, हा आईचा हिशेब. मुंबईकर वाचक हसतील. त्यांना स्वेटर ठाऊक तो महाबळेश्वरच्या सहलीपुरता. परंतु निफाडकडची थंडी काय असते ते तिकडच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराला विचारा. पारा उतरला की द्राक्षांसाठी त्याला रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसावे लागते.

हा लेख विणकाम शिकवण्यासाठी नाही. सुलट-उलट टाका पुष्कळ जणींना येतो आणि हल्ली काही पुरुषांनाही येऊ लागला आहे. ज्यांना येत नाही त्यांना तो हातातल्या फोनवरच्या चित्रफिती माझ्याहून चांगला शिकवतील. मला बोलायचे आहे ते पुढच्या दुखण्याबद्दल. विणता येते पुष्कळ जणींना. बसतो तो स्वेटर थोड्याच जणींचा. आपल्या घरातले कपाट उघडून पाहा. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, निदान एक तरी स्वेटर असा निघेल की जो विणला एकासाठी, वापरला दुसऱ्याने, किंवा कोणीच नाही.

माझ्या शेजारणीचेच सांगते. तिच्या भाच्याने अमेरिकेहून एक सुरेख नमुना पाठवला. छाती ४०, सुया ८ नंबरच्या. हिने आपल्या डब्यातल्या ८ नंबरच्या सुया काढल्या आणि महिनाभर खपून यजमानांसाठी स्वेटर तयार केला. तो अंगात जाईना. शेवटी दहा वर्षांच्या मुलाला घातला. चूक तिची नव्हती, नमुन्याचीही नव्हती. आपल्याकडे सुयांचे नंबर इंग्रजी पद्धतीने आले. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमके उलटे, नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ५ मिलिमीटरची. एका मिलिमीटरने ४० इंचांचे ३३ इंच केले! आता बहुतेक सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात. सुई घेताना नंबराकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे.

पण सुई बरोबर असली म्हणजे भागले असेही नाही. खरा गुन्हेगार आपला हात असतो. पुस्तकात लिहिलेले असते की अमुक लोकर, अमुक सुई, एका इंचात ७ टाके आणि ९ ओळी. ते त्या नमुना लिहिणाऱ्या बाईच्या हाताचे माप. आपला हात तिच्यासारखाच चालेल कशावरून? आता हिशेब करून पाहा. छाती ३८ इंच, वर दोन इंच मोकळीक, म्हणजे घेर ४० इंच. इंचाला ७ टाके धरले तर एकूण टाके २८०. माझा हात सैल आहे, माझे इंचात साडेसहाच बसतात. मग तेच २८० टाके ४३ इंचांचा झगा देतात. जिचा हात घट्ट आहे, जिचे साडेसात बसतात, तिचा स्वेटर होतो सव्वासदतीस इंचांचा, म्हणजे छातीपेक्षाही अरुंद. इंचामागे अर्धा टाका! डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही.

म्हणून आधी नमुन्याचा चौकोन विणायचा. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते आणि प्रत्येक बाई ते पान उलटून पुढे जाते. मीही जात असे. चार इंचांचा तुकडा विणायला एक संध्याकाळ जाते, आणि नवी लोकर हातात असताना ती संध्याकाळ फुकट गेल्यासारखी वाटते. पण विणावा, तोही चांगला पाच-सहा इंच रुंद, कारण कडेचे टाके नेहमी खोटे बोलतात; मोजायचे ते मधले चार इंच. शिवाय विणल्याबरोबर मोजू नये. स्वेटर पुढे जसा धुणार तसा तो चौकोन आधी धुवावा, सपाट वाळवावा आणि मग टेप लावावा. खरी लोकर पाण्यात गेली की अंग सैल सोडते. ती गरम पाण्यात चोळली की मात्र तिच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, तुकडा आटतो आणि नमद्यासारखा घट्ट होतो. अॅक्रिलिकचे तसे नाही, ते आटत नाही. पण त्यावर गरम इस्त्री टेकवली की ते जन्माचे लुळे पडते. बाजारात पुष्कळदा दोन्ही लोकर म्हणूनच विकले जाते, तेव्हा वेष्टण वाचून घ्यावे.

आणखी एक. हात रोज सारखा नसतो. मैत्रिणीशी गप्पा मारत विणलेली बाही आणि नणंद मुक्कामाला असताना विणलेली बाही यांत अर्ध्या इंचाचा फरक मी स्वतः मोजलेला आहे.

माझी आई चौकोन कधीच विणत नसे. तिला गरजच नव्हती. ती विणायला शिकली १९६२ साली. चीनचे आक्रमण झाले तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या हिवाळ्यात घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायला घेतले होते. तिच्या कॉलेजातल्या मुलीही विणू लागल्या. लोकर मिळाली, सुया मिळाल्या, एक मोठे माप सांगण्यात आले. तो तिचा पहिला स्वेटर. कोणाच्या अंगावर गेला, त्याला झाला का, बाह्या पुरल्या का, हे तिला कधीच कळले नाही. "मोठाच विणला होता," एवढेच ती सांगे. "थंडीत मोठा चालतो, तोकडा चालत नाही." हा नियम तिने पुढे सगळ्या घराला लावला. आमचे सगळे स्वेटर दोन वर्षे मोठे असत आणि अण्णांच्या बाह्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कायम दोनदा दुमडलेल्या.

मापे तिच्या एका दोनशे पानी वहीत होती. सुलटला 'सु', उलटला 'उ', वेणीच्या नमुन्यासाठी चौकटी काढलेल्या. शेवटच्या पानावर घरातल्या माणसांची नावे. मुलांची मापे वर्षावर्षाला खोडून नवी लिहिलेली. एकच ओळ कधी खोडली गेली नाही: "हे — छाती ४०, लांबी २५, बाही साडेसतरा. १९८८."

आई फेब्रुवारी २०१९ मध्ये गेली. दिवस-कार्य झाल्यावर तिचे कपाट आवरताना पिशवी निघाली. त्यात करड्या रंगाच्या चार पदरी लोकरीचे गुंडे, आणि ९ नंबरच्या सुईवर अडकलेली एक पाठ. पूर्ण पाठ नव्हे. खालच्या पट्टीपासून मुंढ्यापर्यंत साडेपंधरा इंच. अण्णांचा स्वेटर, हे कोणी सांगायला नको होते.

तो पुरा करावा असे सगळ्यांनाच वाटले आणि ते माझ्याकडे आले, कारण विणणारी मीच. मी पिशवी पुण्याला आणली आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावला नाही. दिवाळीत नाशिकला गेले तेव्हा पाठीचा तो तुकडा अण्णांच्या पाठीला लावून पाहिला. ते तेव्हा ८३ वर्षांचे होते. १९८८ चे चाळीस इंच केव्हाच उतरले होते. तुकडा दोन्ही बाजूंनी काखेच्या पुढे आला. मी मावशीला म्हटले, "आईला दिसलं नसेल का गं?" मावशी म्हणाली, "तिच्या डोळ्यांना ते अजून चाळीसचेच दिसत असणार." इंच की वर्षे, ते तिने स्पष्ट केले नाही.

आता प्रश्न पाहा. सरळ मार्ग एकच: पाठ उसवायची, लोकरीची लडी करून धुवायची आणि नव्या मापाने नवे टाके घालायचे. विणकामात उसवण्याची लाज नसते. न उसवणारी बाई एक तर फार हुशार असते किंवा फार आळशी. कोणत्याही दुसऱ्या तुकड्याच्या बाबतीत मी क्षणभरही थांबले नसते. पण साडेपंधरा इंच म्हणजे शंभराच्यावर ओळी, प्रत्येकीत १४७ टाके, आणि ते तिच्या हातचे शेवटचे. अण्णांना विचारावे तर ते म्हणत, "माप तिच्या वहीत आहे. त्याप्रमाणे कर." आणि वहीप्रमाणे केला असता तर तो त्यांच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबला असता. तेही त्यांनी निमूटपणे घातले असते, हे मला जास्त नको होते.

शेवटी चहा पिताना, "पुस्तकासाठी हवंय" अशी थाप मारून मी टेप लावला. आणि इथे मला एक गोष्ट कळली जी इतकी वर्षे विणूनही माहीत नव्हती. छातीचा घेर आपण एका दमात मोजतो, ३६ तर ३६. मग त्याचे दोन सारखे भाग करून पाठ आणि पुढा विणतो. तरुण, ताठ माणसाला ते चालते. पण माणसाला पोक आले की पाठ रुंदावते आणि छाती आत जाते. अण्णांची पाठ एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत १९ इंच भरली; पुढचा भाग १७. उंचीचेही तसेच. मानेपासून कमरेपर्यंतचे अंतर पाठीवरून वाढलेले, पुढून घटलेले. म्हणूनच म्हाताऱ्या माणसांचे तयार स्वेटर मागून वर चढतात, कंबर उघडी पडते आणि पुढे पोटावर घड्या पडतात. आपण म्हणतो, आजोबांना स्वेटर नीट घालता येत नाही. आजोबांचा काय दोष? तो कापला ताठ माणसासाठी.

पाठ १९ इंच, वर दोन इंच मोकळीक, म्हणजे २१. आईचा तुकडा मोजला. १४७ टाके, इंचाला ७. बरोबर २१ इंच!

मी तो पुन्हा मोजला, टेप बदलून. आईने तो ४२ इंची घेराच्या स्वेटरची अर्धी बाजू म्हणून विणला होता. तो ३६ इंची पोक आलेल्या माणसाची पाठ म्हणून बसत होता. योगायोगच तो. मी त्यात दुसरे काही शोधत नाही. पण उसवण्याचे कारण उरले नाही. जे काही कमी करायचे ते पुढच्या भागात.

पुढा म्हणजे १७ इंच, वर अर्धा इंच मोकळीक. सात टाक्यांप्रमाणे १२३ टाके. डोक्यावरून घालण्याचा व्ही गळ्याचा स्वेटर मात्र मी रद्द केला. अण्णांचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. सदरासुद्धा पुढून बटणांचाच लागे. मग पुढचे दोन भाग केले, ५७-५७ टाक्यांचे, आणि मध्ये ९ टाक्यांची, सव्वा इंचाची बटणपट्टी, एकावर एक येणारी. ५७ आणि ५७ आणि ९; झाले १२३. पुरुषाचे काजे डाव्या बाजूला. नेहमी सात बटणे लावतात, मी मोठ्या आकाराची पाचच लावली. आखडलेल्या बोटांना दोन बटणे कमी म्हणजे सकाळची दोन मिनिटे कमी.

(असा पुढून उघडा स्वेटर म्हणजे 'कार्डिगन'. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली घोडदळाची ती प्रसिद्ध आणि वेडी चढाई ज्याच्या हाताखाली झाली त्या लॉर्ड कार्डिगनवरून हे नाव पडले. त्याच युद्धातला सेनापती लॉर्ड रॅग्लन. त्याचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेलेला. गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी शिवण असलेल्या बाहीला त्याचे नाव आहे. माकडटोपीला इंग्रजीत बालाक्लावा म्हणतात, तेही तिथल्याच एका गावाचे नाव. एका युद्धाने माणसे किती मारली ते इतिहासकार सांगतील. कपड्यांना नावे मात्र भरपूर दिली.)

आता मुंढ्याच्या वरची पाठ. ती मलाच विणायची होती, आईच्याच सुईवरून पुढे. इथे पहिला अडथळा हाताचा. आईचा हात घट्ट, म्हणून ती ९ नंबर वापरी. त्याच सुईवर माझे इंचाला साडेसहाच टाके पडत. मी चौकोन विणला, मुकाट्याने. १० नंबरवर माझे ७ टाके जुळले. पण ओळी जुळल्या नाहीत. तिच्या इंचाला ९, माझ्या साडेनऊ. हे असे पुष्कळदा होते. टाके जुळवता येतात, ओळी बहुधा जुळत नाहीत. तेव्हा नमुन्यात "७२ ओळी विणा" असे असेल तर ओळी मोजत बसू नये, त्यामागचे इंच शोधावेत. तिच्या ७२ ओळी म्हणजे ८ इंच. माझ्या ७२ ओळींचे साडेसातच होतात, आणि मुंढा काखेत काचतो.

खांदे उतरले होते. म्हणून मुंढ्यासाठी दोन्हीकडचे मिळून ३२ टाके कमी केले. उरले ११५, म्हणजे जवळजवळ साडेसोळा इंच. मुंढ्यापासून तीन इंच वर गेल्यावर पोकाची तरतूद केली. ती करतात अर्ध्या ओळींनी. ओळ शेवटपर्यंत न नेता कडेचे काही टाके तसेच सोडून सुई फिरवायची आणि उलट दिशेने परत यायचे. पहिल्या खेपेला दोन्ही कडांचे ६-६ टाके सोडले, मग १०, मग १४, असे करत शेवटी ३८. अशा १८ ओळी झाल्या की पाठीच्या मध्यभागी सुमारे दोन इंच लांबी वाढते आणि कडेला काहीच वाढत नाही. चुलीवर भाकरी फुगावी तशी पाठ मध्ये फुगते. एवढे मात्र लक्षात ठेवा: सुई फिरवण्यापूर्वी पुढच्या टाक्याभोवती लोकर एकदा गुंडाळून घ्यायची. नाहीतर फिरवलेल्या प्रत्येक ठिकाणी भोक दिसते. पोट सुटलेल्या माणसासाठी हीच युक्ती पुढच्या भागात करतात. बायकांच्या स्वेटरला छातीशी करतात. इतकी उपयोगी गोष्ट, पण आपल्याकडे ती करणाऱ्या बायका मी फार थोड्या पाहिल्या.

बाजूची शिवण दोन्हीकडे सारखीच हवी, म्हणून पुढचे भागही मुंढ्यापर्यंत साडेपंधरा इंच. फरक मुंढ्याच्या वर: पाठीला ९ इंच, पुढे ८. त्यामुळे खांद्याची शिवण आपोआप पुढे येते. अशा वेळी बाहीचा मध्य त्या शिवणीवर ठेवला तर बाही पुढे पिळली जाते. दोन्ही मिळून १७ इंच, अर्धे साडेआठ. तेव्हा बाहीचा मध्य शिवणीच्या अर्धा इंच मागे. मला हे पहिल्या खेपेला सुचले नाही. बाही शिवली, उसवली, पुन्हा शिवली.

बाह्यांचे गणितही सांगून टाकते, कारण त्यातच पुष्कळ जणी फसतात. मनगटाला ५६ टाके, म्हणजे ८ इंच. दंडाला ९८, म्हणजे १४. दंड बारीक झाला होता, पण आत पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कधी त्याखाली बंडी, म्हणून १४ ठेवले. वाढवायचे टाके ४२. प्रत्येक वेळी दोन्ही कडांना एक-एक, म्हणजे २१ वेळा. आईच्या वहीत साडेसतरा इंचांच्या बाहीत, अडीच इंच पट्टी सोडून १५ इंचांत, दर सहाव्या ओळीला टाके वाढवलेले. तिच्या १३५ ओळींत ते १२६ ओळींवर संपत. मला बाही दोन इंच कमी करायची होती, कारण दुमडलेली बाही आता वरचेवर चहात बुडू लागली होती. १३ इंच म्हणजे माझ्या सुमारे १२३ ओळी. दर सहाव्या ओळीला वाढवत गेले तर १२६ लागतात; बाही संपते आणि टाके राहतात. म्हणून आलटून पालटून चौथ्या आणि सहाव्या ओळीला वाढवले. १०५ ओळींच्या आसपास काम संपले, वरच्या ओळी सरळ.

इंग्लंडात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी या सगळ्या त्रासावर एक तोड काढली होती. त्यांचे 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१ चे. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्याचा नमुना हवाच कशाला? अंगाच्या घेराचे टाके शंभर टक्के धरा. मनगट त्याच्या २० टक्के, दंड सुमारे ३३, गळा ४०. मी आईच्या वहीतली मापे या कसोटीला लावून पाहिली. २८० टाक्यांच्या स्वेटरला तिचे मनगट ५६, नेमके २० टक्के. झिमरमनबाईंचे नाव तिने ऐकलेले असण्याची शक्यता नाही.

सगळ्यात मोठी धास्ती लोकरीची होती. आईने ९ गुंडे घेतले होते, ५०-५० ग्रॅमचे. त्यातला एक माझ्या भाच्याच्या टोपीत गेला होता. तोच रंग दुकानात होता, पण लॉट वेगळा. शेजारी ठेवला की धुवट दिसे. रंगाची एक घाणी संपली की तीच छटा पुन्हा मिळेल याची हमी नसते, म्हणून लोकर घेताना वेष्टणावरचा लॉट नंबर पाहून सगळी एकदम घ्यावी. आता घेणारी नव्हती. मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पाठीचा तुकडा भरला १०५ ग्रॅम. २१ बाय साडेपंधरा म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस इंच. एका ग्रॅमला तीन चौरस इंचांहून किंचित जास्त. उरलेले सगळे तुकडे कागदावर मांडून बेरीज केली तर हजाराच्या थोडे वर चौरस इंच, म्हणजे ३३० ग्रॅम लागणार. शिल्लक होती २९५. पस्तीस ग्रॅमची तूट! ही तूट गळ्याशी पोचल्यावर कळली असती तर रडायची पाळी होती. आधी कळली, म्हणून मनगटाच्या पट्ट्या, बटणपट्टी आणि गळा गडद राखाडी लोकरीचा केला आणि तसाच बेत होता असे सर्वांना सांगितले.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? थंडीच्या दिवसांत गावोगाव तिबेटी लोकांचे स्वेटरबाजार लागतात, लुधियानाचा यंत्रावर विणलेला माल ढिगाने येतो, आणि नुसती लोकर घ्यायला गेले तरी कधी कधी तयार स्वेटर स्वस्त पडतो. खरे आहे. पैसे वाचवायला आता कोणी विणत नाही. पण पाठ २१ इंच आणि पुढा साडेसतरा असलेला स्वेटर कोणत्या दुकानात मिळतो, ते मला दाखवा.

२०२० च्या संक्रांतीला मी तो घेऊन नाशिकला गेले. अण्णांनी बटणे स्वतः लावली. पाठ वर चढली नाही. बाह्या मनगटावर थांबल्या. त्यांनी सवयीने त्या दुमडायला हात नेला आणि दुमडायला काही सापडले नाही. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे वहीतलं माप नाही."

"नाही."

"मग तिचं कुठपर्यंत आहे?"

मी त्यांच्या काखेखाली बोट ठेवून दाखवणार होते, पण त्यांनी स्वेटर काढून मांडीवर पालथा घातला आणि अंगठ्याने खालून वर चाचपत गेले. दोघींच्या हातांचा फरक धुऊन, ताणून, सपाट वाळवूनही पुरता गेला नव्हता. मुंढ्यापाशी एक बारीक आडवी रेघ राहिली आहे. तिथे वीण किंचित दाट होते. अंगठा तिथे थांबला. "हं," म्हणाले, आणि पुन्हा घातला.

त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात तो त्यांच्या अंगावर आहे. गेल्या खेपेला पाहिले तर दोन्ही कोपरांवर विरला आहे. खुर्चीच्या हातावर कोपरे टेकून बसायची सवय. टाके अजून तुटलेले नाहीत, तेव्हा उसवायला नको; जाड सुईत लोकर ओवून त्याच टाक्यांवरून टाका चालवला की भागेल. करड्या लोकरीचा शेवटचा गुंडा काट्यावर ठेवून पाहिला. ११ ग्रॅम आहे. दोन कोपरांना तो पुरावा.